कोकणात आलिशान हायब्रिड स्पोर्ट सेडान घेताना: नव्या खरेदीदारासाठी मार्गदर्शक

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगड जिल्ह्यात राहणाऱ्या, अथवा मुंबईत राहून गणपती-शिमग्याला आणि एरवीही गावाकडे येजा करणाऱ्या ज्या मंडळींच्या मनात पन्नास लाखांच्या आसपासची किंवा त्याहून महागडी हायब्रिड सेडान घेण्याचा विचार पहिल्यांदाच घोळत आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी या खरेदीतून गेलो आहे आणि माझ्या दारात टोयोटाची कॅमरी उभी असते. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे माझा कल कुठे आहे ते वाचकाला कळेल आणि त्याप्रमाणे माझे म्हणणे पारखून घेता येईल. गाड्यांच्या विक्री दालनात मिळणारी माहिती शहरातला ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेली असते. आपल्याकडची अरुंद वाट, घाट, खारी हवा, फेरीबोट आणि चार महिन्यांचा पाऊस यांविषयी त्या माहितीपत्रकात एक ओळही नसते.

१. ‘हायब्रिड’ या नावाखाली काय विकले जात आहे ते आधी ओळखा

बाजारात या एकाच शब्दाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि त्यांतला फरक समजल्याशिवाय दालनाची पायरी चढू नये.

पहिला प्रकार माइल्ड हायब्रिडचा. मर्सिडीजची सी-क्लास आणि ई-क्लास, बीएमडब्ल्यूची ५३०एलआय या गाड्यांत ४८ व्होल्टची छोटी यंत्रणा असते. ती इंजिन सुरू करताना आणि वेग घेताना क्षणभर हात देते. सी-क्लासमध्ये ही मदत साधारण २० अश्वशक्तीची असते. यामुळे गाडी सिग्नलला थांबून पुन्हा निघताना धक्का जाणवत नाही आणि टर्बोचा विलंब (पाय दाबल्यावर जोर मिळायला लागणारा क्षणभराचा उशीर) थोडा झाकला जातो. मात्र ही गाडी निव्वळ विजेवर रस्त्याने धावत नाही. गाडी म्हणून ती उत्तमच असते, पण तिला हायब्रिड समजून पैसे मोजण्याचे कारण नाही.

दुसरा प्रकार पूर्ण हायब्रिडचा, ज्याला विक्रेते ‘स्ट्राँग हायब्रिड’ म्हणतात. टोयोटा कॅमरी आणि लेक्सस ईएस ३००एच ही आपल्याकडची दोन ठळक उदाहरणे असून दोन्हींची जुळणी कर्नाटकातील बिडदी येथे होते. अडीच लिटरचे पेट्रोल इंजिन, विजेच्या मोटारी आणि ब्रेक लावताना स्वतःच भरणारी बॅटरी, अशी ही रचना आहे. या गाडीला प्लग नसतो, त्यामुळे ती घरी ‘चार्ज’ करण्याचा प्रश्नच येत नाही. बाजारपेठेतून हळूहळू जाताना इंजिन वारंवार बंद होते आणि गाडी आवाज न करता पुढे सरकते. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या कॅमरीची दालनातील (एक्स-शोरूम) किंमत ४८ लाख रुपये होती, एकत्रित शक्ती सुमारे २३० अश्वशक्ती आणि कंपनीने सांगितलेले मायलेज लिटरला २५.४९ किलोमीटर. सी-क्लाससारख्या जर्मन सेडानांच्या एक पायरी खाली ती मुद्दाम उभी केलेली आहे, तर ईएस त्यांच्याच किमतीत त्यांना सामोरी जाते.

तिसरा प्रकार प्लग-इन हायब्रिडचा, म्हणजे जिची बॅटरी बाहेरून प्लग लावून भरता येते तिचा, आणि ‘स्पोर्ट’ हा शब्द खऱ्या अर्थाने इथेच लागू होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतात आलेली बीएमडब्ल्यू एम५ (दालनातील किंमत १.९९ कोटी) ४.४ लिटरच्या आठ सिलिंडरी व्ही८ इंजिनाला विजेची मोटार जोडून ७२७ अश्वशक्ती देते. त्याच महिन्यात आलेली मर्सिडीज-एएमजी सी ६३ एस ई परफॉर्मन्स (१.९५ कोटी) केवळ दोन लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनातून आणि मागच्या चाकांवरील मोटारीतून ६८० अश्वशक्ती काढते. पोर्शेची पॅनामेरा ई-हायब्रिड याच पंगतीतली. या तिघींना पेट्रोल वाचवण्यासाठी कोणी घेत नाही.

मधली एक जागा मात्र बाजारात जवळजवळ रिकामी आहे, आणि नव्या खरेदीदाराचा गोंधळ तिथेच होतो. साठ-सत्तर लाखांत चालवायला चपळ आणि पूर्ण हायब्रिड, अशा दोन्ही अटी पाळणारी नवी सेडान आपल्याला हवी असते. पण त्या किमतीत मिळते ती एकतर आरामशीर हायब्रिड किंवा चपळ माइल्ड हायब्रिड. विक्रेता या दोन्हींना ‘स्पोर्टी हायब्रिड’ म्हणतो. त्याला सरळ विचारावे की ही गाडी इंजिन बंद ठेवून ताशी चाळीसच्या वेगाने किलोमीटरभर जाईल का. उत्तरावरून प्रकार कळतो.

२. आकर्षण नेमके कशाचे आहे ते कागदावर मांडा

महागड्या गाडीत हायब्रिड यंत्रणा आली ती काटकसरीसाठी नव्हे. लेक्ससने २००६ मध्ये जीएस ४५०एच बाजारात आणली तेव्हा ३.५ लिटरच्या व्ही६ इंजिनाला विजेची जोड देऊन आठ सिलिंडरांची ताकद आणि सहा सिलिंडरांची भूक, असा तिचा मांडणीचा सूर होता. १९९७ मध्ये जपानात आलेल्या प्रियसने हायब्रिडला जी साधीसुधी, शहाण्या माणसाची प्रतिमा दिली होती, ती या गाडीने पुसून टाकण्याचा प्रयत्न केला. ताकद भरपूर होती, पण बॅटरीने डिकीची जागा खाल्ली, आणि त्या काळी त्याच किमतीत साधी व्ही८ मिळत असल्याने ग्राहक मर्यादितच राहिले. पुढच्या जवळजवळ सगळ्या आलिशान हायब्रिड सेडानांची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे: गाडी चांगली असते, पण ती कोणासाठी आहे हे ग्राहकाला पटकन सांगता येत नाही.

अलीकडच्या जर्मन गाड्यांमागचे कारण युरोपातील नियमांत आहे. तिथे कंपनीने विकलेल्या सर्व गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर मर्यादा आहे आणि ती ओलांडल्यास दंड होतो. साहजिकच मोठे इंजिन टिकवायचे तर त्याला प्लग लावणे भाग पडते. त्याची किंमत वजनात मोजावी लागते. नवी एम५ साधारण २.४ टनांची आहे, म्हणजे आधीच्या पिढीपेक्षा जवळपास अर्ध्या टनाने जड. सी ६३ मध्ये तर व्ही८ गेले आणि चार सिलिंडर आले, तेव्हा जुन्या चाहत्यांनी नाके मुरडली. ताशी शंभरचा वेग गाठायला तिला ३.४ सेकंद लागतात, म्हणजे कामगिरीत काहीच कमी नाही. पण या किमतीला माणूस आवाजही विकत घेत असतो, हे कंपनीने हिशेबात धरले नसावे.

आता आपला हिशेब. वर्षाला १२,००० किलोमीटर गाडी चालते असे धरू. लिटरला १२ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल सेडानला १,००० लिटर लागतील, आणि २० देणाऱ्या हायब्रिडला ६००. लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाला ४२,००० रुपये वाचतात. ही बचत खोटी नाही, परंतु ४८ लाखांच्या गाडीवरचा रस्ता कर एकटाच सव्वासहा लाखांच्या घरात जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘पेट्रोल वाचेल’ हे कारण पुरेसे ठरत नाही. कारण वेगळे असले पाहिजे: केबिनमधली शांतता, घाटातल्या वळणावरून बाहेर पडताना मोटारीकडून तत्काळ मिळणारा जोर, रांगेत तासभर अडकल्यावरही न शिणणारा पाय. माणगाव किंवा इंदापूरच्या कोंडीत गणपतीच्या आदल्या दिवशी ज्याने गाडी पुढे रेटली आहे, त्याला या शेवटच्या गोष्टीचे मोल मी सांगायला नको.

एक विचार मागच्या आसनाचाही करावा. भारतात महागड्या सेडानच्या ग्राहकांपैकी अनेक जण मागे बसतात, म्हणूनच ई-क्लास आणि ५ सीरिज आपल्याकडे लांबवलेल्या रूपात विकल्या जातात. आपण स्वतः चालवणार असू, तर मागच्या आसनाच्या सुखसोयींसाठी आपण पैसे मोजत आहोत का, हे तपासावे.

३. किमतीचा कागद ओळीओळीने वाचा

हायब्रिडवर कर कमी असतो, हे वाक्य आता जुने झाले. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर जीएसटी आणि उपकर मिळून ४३ टक्के पडत, तर तशाच मोठ्या साध्या सेडानवर ४८ टक्के. त्या दिवसापासून उपकर गेला आणि दोन्हींवर सरसकट ४० टक्के आले. म्हणजे गाड्या थोड्या स्वस्त झाल्या खऱ्या, पण हायब्रिडला मिळणारी पाच टक्क्यांची सवलत नाहीशी झाली. पूर्ण विद्युत गाडीवर मात्र ५ टक्केच आहेत. त्यामुळे त्याच किमतीच्या विद्युत सेडानशी तुलना केल्याशिवाय हायब्रिडचा निर्णय घेऊ नये. एका दालनात मला या बदलानंतरही जुनाच तक्ता दाखवण्यात आला होता. तारीख पाहण्याची सवय ठेवावी.

महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील २० लाखांपेक्षा महाग पेट्रोल गाडीला १३ टक्के रस्ता कर आहे आणि कराची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. कंपनीच्या नावावर गाडी घेतल्यास दर २० टक्के होतो. हॉटेल किंवा आंबा प्रक्रियेचा व्यवसाय कंपनीच्या रूपात असणाऱ्यांनी घसाऱ्याचा फायदा आणि हा जादा कर यांची बेरीज-वजाबाकी सनदी लेखापालाकडून करून घ्यावी. आयात गाडीसाठी लागणारा दर विक्रेत्याकडून लेखीच घ्यावा.

‘गोव्यात नोंदणी करून घ्या, स्वस्त पडेल’ असा सल्ला सावंतवाडीपासून बांद्यापर्यंत हमखास मिळतो. दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी आपल्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर कायद्याने तिची इथे पुन्हा नोंदणी करावी लागते आणि करही भरावा लागतो. ज्यांचे घर खरोखर गोव्यात आहे त्यांनीच तो मार्ग धरावा.

दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा प्राप्तिकर) वसूल करतो. तो खर्च नाही. आपल्या प्राप्तिकरात तो वळता होतो. यादीत ‘हाताळणी शुल्क’ या नावाखाली काही लावले असेल तर त्याचे कारण विचारावे आणि ते वगळायला सांगावे.

४. घरापासून हमरस्त्यापर्यंतची वाट मोजा

हे काम गाडी आवडण्याच्या आधी करावे, नंतर नव्हे. कॅमरीची लांबी ४,९२० मिलिमीटर आणि रुंदी १,८४०. एम५ तर ५,०९६ मिलिमीटर लांब आणि आरसे सोडून १,९७० रुंद आहे. दोन्ही बाजूंना जांभ्या चिऱ्याचे गडगे असलेल्या वाडीतल्या वाटेवर ही दोन मापे फीत लावून मोजावीत. वळणावर तर फीतही पुरत नाही. तिथे लांब चाकअंतराची गाडी आतल्या बाजूला किती घासते, ते कोणाची तरी मोठी गाडी आणून पाहणे उत्तम.

त्याहून महत्त्वाची आहे जमिनीपासूनची उंची. कॅमरीची ती १४५ मिलिमीटर आहे आणि चार माणसे व सामान भरल्यावर ती आणखी कमी होते. फाटकाजवळचा सिमेंटचा उतार, गटारावरची लाद, ग्रामपंचायतीने हौसेने बांधलेला गतिरोधक आणि नव्या थरामुळे डांबराच्या कडेला तयार झालेली पायरी, या चार ठिकाणी पोट घासते. तिरके चढवल्याने पुष्कळदा निभावते. प्लग-इन गाडीत पोटाखाली बॅटरी असू शकते, तेव्हा तिथे घासणे म्हणजे निव्वळ ओरखडा नव्हे.

फेरीबोटीचा विचार तर कोणत्याच दालनात होत नाही. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला, आगरदांडा-दिघी या मार्गांवर गाडी बोटीवर चढवताना धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यामध्ये कोन तयार होतो, आणि ओहोटीला तो अधिक तीव्र असतो. समोरचा बंपर लांब पुढे आलेल्या सेडानचा ओठ तिथे टेकतो. भरतीची वेळ पाहून निघावे, घाई करू नये आणि बोटीवरच्या माणसाच्या हाताच्या खुणेवर विश्वास ठेवावा. त्याने आपल्यापेक्षा जास्त गाड्या चढवलेल्या असतात. भाऊचा धक्का ते मांडवा ही मोठी रो-रो त्या मानाने सोपी जाते.

एम५ आणि तिच्या बरोबरीच्या गाड्यांविषयी माझे स्पष्ट मत असे, की ज्याचे घर हमरस्त्याला लागून नाही त्याने ती मुंबईत ठेवावी आणि गावी दुसरी गाडी वापरावी.

५. चाचणी घाटात घ्या

शहरातील दालन साधारणपणे दोन सिग्नलांच्या मधल्या रस्त्यावर गाडी चालवायला देते. त्यावरून हायब्रिडची कल्पना येत नाही. कोल्हापूरच्या किंवा गोव्याच्या विक्रेत्याला आग्रहाने सांगून गाडी घाटापर्यंत न्यावी. रत्नागिरीकरांना आंबा घाट, चिपळूणकरांना कुंभार्ली, सावंतवाडीकरांना आंबोली, असे प्रत्येकाचे परीक्षागृह जवळच आहे. चढावर, उतारावर आणि ओल्या रस्त्यावर अशा तिन्ही प्रसंगी गाडी चालवून पाहावी.

चढावर जोरात पाय दिल्यावर टोयोटा-लेक्ससच्या हायब्रिडमध्ये इंजिनाचा आवाज एकदम वर जातो आणि तिथेच स्थिर राहतो, वेग मागाहून वाढत येतो. यात पट्ट्याचा सीव्हीटी (ठरावीक टप्पे नसलेला आपोआप बदलणारा गिअर) नसतो, ग्रहमालेसारखे दातेरी चक्र असते, आणि ते अत्यंत टिकाऊ आहे. पण गिअर पडल्याची जी लय चालवण्याचा शौकीन शोधतो ती त्यात नाही. ज्यांना ही गोष्ट पहिल्या अर्ध्या तासात खटकली, त्यांनी सवय होईल या आशेवर राहू नये. त्यांच्यासाठी माइल्ड हायब्रिडची जर्मन सेडान अधिक योग्य.

उतारावर वेगळी गंमत असते. ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज बॅटरीत जाते, पण लांब घाटात बॅटरी मध्येच पूर्ण भरते. त्यानंतर ती जागा इंजिनाच्या रोधाला आणि साध्या ब्रेकला घ्यावी लागते, आणि पायाखाली ब्रेकची जाणीव किंचित बदलते. विक्रेत्याला गिअरचा असा पर्याय दाखवायला सांगावा ज्यात उतारावर इंजिन वेग रोखून धरते. तो पावसाळ्यात रोज लागेल.

आपल्या घरातील वयस्कर माणसाला बरोबर न्यावे. सेडानमध्ये खाली वाकून बसावे लागते, आणि गुडघेदुखी असलेल्या आईच्या दृष्टीने गाडीचा तोच गुण ठरतो किंवा तोच दोष.

६. कार्यशाळा किती दूर आहे आणि वीज कशी आहे ते पाहा

आलिशान ब्रँडची सेवा केंद्रे मुख्यतः मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि गोव्याच्या बाजूला आहेत. दापोली किंवा देवगडहून गाडी बंद पडली तर फ्लॅटबेड टोचनगाडी किती वेळात येईल, किती किलोमीटरपर्यंत फुकट नेईल आणि घाट धरून नेईल की महामार्गाने, हे विचारून लेखी घ्यावे. गाडीची पुस्तिका न पाहता हायब्रिडची दोन चाके उचलून ओढत नेण्याचा गावठी उपाय करू देऊ नये. कोणती चाके जमिनीवर ठेवायची याचे नियम प्रत्येक गाडीला वेगळे असतात. स्टेपनी आहे का, तेही डिकी उघडून पाहावे, कारण अनेक महागड्या सेडानांत ती नसते आणि कमी जाडीचे टायर आपल्याकडच्या टायरवाल्याकडे मिळत नाहीत.

प्लग-इन घेणाऱ्यांसाठी विजेचा भाग. एम५ ची वापरता येणारी बॅटरी १८.६ युनिटांची आहे. घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ती भरायला रात्र जाते. सी ६३ ची ६.१ युनिटांची लवकर भरते, पण तिच्यावर विजेवर जेमतेम १३ किलोमीटर जाता येते. खरी अडचण असते अर्थिंगची. जांभ्या कातळावर बांधलेल्या घरांचे अर्थिंग उन्हाळ्यात कमकुवत होते, आणि ते नीट नसेल तर चार्जर गाडी भरायलाच नकार देतो. गाडी येण्याआधी परवानाधारक तंत्रज्ञाकडून अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा आणि महावितरणकडील मंजूर भार पुरेसा आहे का ते पाहावे.

७. कागदपत्रे आधीच गोळा करा

नव्या गाडीसाठी लागणारी कागदपत्रे पुढीलप्रमाणे आहेत.

- आधार आणि पॅन कार्ड, छायाचित्रे
- ज्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीत नोंदणी करायची तिथल्या पत्त्याचा पुरावा: रायगडसाठी पेण (एमएच ०६), सिंधुदुर्गसाठी एमएच ०७, रत्नागिरीसाठी एमएच ०८
- कर्ज घेत असल्यास प्राप्तिकर विवरणपत्रे आणि बँक खात्याचे उतारे
- विक्रेत्याकडून: नोंदणी अर्जाचा नमुना २०, विक्री प्रमाणपत्राचा नमुना २१, रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा नमुना २२, विमा पॉलिसी आणि कराचे बीजक
- टीसीएसचे प्रमाणपत्र

आपल्याकडच्या दोन अडचणी या यादीत दिसत नाहीत. पहिली, गावच्या घराचे वीजबिल अजून आजोबांच्या नावावर आणि सातबारा सामाईक, त्यामुळे पत्त्याचा पुरावाच हाती नसतो. आधारवर गावचा पत्ता असेल तर प्रश्न सुटतो. नसेल तर तो आधी बदलून घ्यावा. मुंबईच्या पत्त्यावर नोंदणी केली तरी राज्य तेच असल्याने कराचा दर बदलत नाही, म्हणून केवळ एमएच ०८ च्या हौसेपायी दोन महिने घालवायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. (मी घालवले.) दुसरी अडचण बागायतदारांची. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे विवरणपत्रात उत्पन्न तुटपुंजे दिसते आणि बँक कर्ज नाकारते. अशा वेळी आंब्याच्या विक्रीच्या पावत्या, बँकेत जमा झालेल्या रकमा आणि सातबारा घेऊन ज्या शाखेत पीककर्जाचे खाते आहे तिथेच प्रथम जावे.

८. जुनी गाडी घेत असाल तर

जुन्या बाजारात या वर्गातील सेडान निम्म्या किमतीत दिसतात आणि मोह होतो. बिडदीला २०१३ पासून बनत असलेली जुनी कॅमरी हायब्रिड त्यातल्या त्यात निर्धास्त, कारण तिची यंत्रणा जाणणारे कारागीर आहेत. होंडाने २०१६ मध्ये थायलंडहून आणलेली अकॉर्ड हायब्रिड चालवायला सुरेख होती, पण ती फार थोडी खपली आणि बंद झाली. तिचा एखादा सुटा भाग किती दिवसांत मिळेल याची खात्री करून घेतल्याशिवाय हात लावू नये.

अधिकृत सेवा केंद्रात बॅटरीच्या आरोग्याची तपासणी करून तिचा छापील अहवाल घ्यावा. टोयोटा हायब्रिड बॅटरीवर आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देते, तिच्यातली किती शिल्लक आहे आणि ती नव्या मालकाकडे जाते का, ते पाहावे.

पुरात बुडालेली गाडी ओळखणे सर्वांत महत्त्वाचे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले तेव्हा अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि मुंबईतही दर काही वर्षांनी हेच होते. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या शहरात विकल्या जातात. आसनपट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का पाहावे, आसनांच्या रुळांवरचा गंज, गालिच्याखालची बारीक माती आणि डिकीतल्या खोबणीतला ओलसर वास तपासावा, आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागून घ्यावा. साध्या गाडीत असे पाणी केवळ खर्चाचे असते. उच्च विद्युतदाबाच्या नारिंगी तारा असलेल्या गाडीत ते जिवावर बेतू शकते.

मालकी बदलासाठी नमुना २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातील गाडी असल्यास नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र, आणि आधीचे कर्ज फिटले असल्यास नमुना ३५ लागतो. हा शेवटचा कागद हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

९. विमा कोकणाच्या हिशेबाने घ्या

घसारा न कापणारे संरक्षण सगळेच घेतात. इंजिनात पाणी शिरल्यास मिळणारे स्वतंत्र संरक्षण मात्र आपल्याकडे अनिवार्य समजावे, आणि त्यात हायब्रिड बॅटरी व मोटार यांचा उल्लेख शब्दांत आहे का ते वाचावे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला तर दावा नाकारला जाऊ शकतो. उंदरांनी तारा कुरतडल्यास भरपाई मिळते का, हेही विचारावे. भाताच्या कणगीशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीला तो धोका पुरापेक्षा मोठा आहे. माडाखाली गाडी लावू नये, हे सांगायला विमा कंपनीची गरज नसावी, तरीही काचेच्या छपरावर नारळ पडलेली गाडी मी पाहिली आहे.

१०. ताबा घेताना आणि पहिल्या पावसाळ्यात

ताबा दिवसाउजेडी घ्यावा. चासी क्रमांक बीजकाशी ताडून पाहावा, टायरवरचा निर्मितीचा आठवडा पाहावा, आणि पैसे पूर्ण देण्याआधी, नोंदणी होण्याआधी ही तपासणी करावी; नोंदणी झाल्यावर गाडी बदलून मिळत नाही.

कॅमरी आणि ईएसमध्ये बॅटरी मागच्या आसनाखाली असते आणि तिला थंड ठेवणारी हवा तिथल्या जाळीतून आत जाते. त्या जाळीवर आंब्याच्या पेट्या, गोणी किंवा चटई टेकवू नये, आणि ती धुळीने बुजू देऊ नये.

हायब्रिडमध्ये बरेचसे ब्रेकचे काम मोटार करते, त्यामुळे ब्रेकच्या चकत्या कमी घासल्या जातात. इतरत्र ही चांगली गोष्ट, पण समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत न घासलेल्या चकत्यांवर गंज बसतो. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, आठवड्यातून काही वेळा पाय दाबून ब्रेक लावावेत. गाडीचे पोट पावसाळ्यात महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवावे आणि किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी उतरवूच नये.

चाकरमान्यांची गाडी गावी महिनोन्महिने उभी राहते. अशा वेळी मोठी बॅटरी नव्हे, तर साधी १२ व्होल्टची बॅटरी आधी उतरते, आणि ती उतरली की मोठी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. शेजाऱ्याला महिन्यातून एकदा गाडी अर्धा तास फिरवायला सांगावे. नुसती सुरू करून अंगणात उभी ठेवणे पुरेसे नाही. शेजारी ते आनंदाने करतो, असा अनुभव आहे.

पुढच्या वर्षी प्राप्तिकराचे विवरणपत्र भरताना टीसीएसची रक्कम आपल्या पॅनवर जमा दिसते का ते खात्याच्या संकेतस्थळावर पाहावे. दिसत नसेल तर विक्रेत्याने चुकीचा पॅन टाकलेला असण्याची शक्यता असते, आणि ती दुरुस्ती त्यालाच करावी लागते. ४८ लाखांच्या गाडीवर ही रक्कम ४८,००० रुपये होते, म्हणजे वर्षभराच्या पेट्रोलच्या बचतीपेक्षा थोडी जास्तच.